वाचक विचारतात: रामिंता शेर्कश्नीते ऐकायच्या तरी कशा?

मागच्या अंकात बाल्टिक देशांतल्या संगीतावर पानभर मजकूर होता. त्यात लिथुएनियाच्या संगीतकार रामिंता शेर्कश्नीते यांच्या वाट्याला जेमतेम चार ओळी आल्या होत्या, पण पत्रं सगळी त्यांच्याबद्दलच आली. बहुतेकांची तक्रार एकच: ऐकलं, पण हाताला काही लागलं नाही. म्हणून या वेळचं सदर त्यांच्यापुरतंच. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

नावाचा उच्चार नेमका काय? इंटरनेटवर 'सर्कस्नाइट'पर्यंत सगळं ऐकायला मिळतं. आणि त्यांच्या रचना वाजवणाऱ्या कंडक्टरबाईंचंही आडनाव 'नीते'नेच संपतं. दोघी नात्यातल्या का? (कोल्हापूर)

नात्यातल्या नाहीत. लिथुएनियन भाषेत डोक्यावर छोटी टोपी असलेला एस म्हणजे आपला 'श', वाय म्हणजे दीर्घ 'ई' आणि वर टिंब असलेला ई म्हणजे लांबवलेला 'ए'. म्हणून शेर्कश्नीते. शेवटचं 'ईते' हा प्रत्यय आहे. वडिलांचं आडनाव 'ईस'ने संपत असेल तर मुलीचं 'ईते' होतं. लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव घेतलं तर परंपरेने तिथे 'इएने' येतं. कंडक्टर मिर्गा ग्राझिनीते-तीला यांच्या नावातलं 'ग्राझिनीते' असंच बनलं आहे. 'तीला' हा शब्द त्यांनी स्वतः जोडून घेतला. त्याचा अर्थ शांतता.

'शेर्कश्नास' म्हणजे थंडीत फांद्यांवर गोठून बसणारं पांढरं दव. त्यामुळे समीक्षकांना बर्फाच्या उपमा सुचतात, आणि शेर्कश्नीते यांनी 2000 साली 'हिमनग सिंफनी' लिहिल्यामुळे तो मोह आणखी वाढतो. पण त्यांच्या गाजलेल्या रचनांपैकी एक आहे भर उन्हाळ्याची. तेव्हा आडनावावरून संगीत ओळखायच्या फंदात पडू नका.

28-29 लाख वस्तीचा देश. आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याची लोकसंख्या त्याहून जास्त असते. तिथली संगीतकार जर्मनीच्या त्या सुप्रसिद्ध पिवळ्या लेबलपर्यंत पोचली कशी? (पुणे)

टप्पे थोडेच आहेत. जन्म 1975, काउनास शहरात. तिथल्याच संगीतशाळेत पियानो, मग 1994 ते 2000 राजधानी विल्नियसच्या संगीत अकादमीत ओस्वाल्दास बालाकाउस्कास यांच्याकडे रचनेचं शिक्षण. बालाकाउस्कास म्हणजे स्वतःची स्वरव्यवस्था बांधून काटेकोर लिहिणारा माणूस. 1992 ते 1994 ते लिथुएनियाचे फ्रान्समधले राजदूतही होते. आमच्या मते शिष्येने गुरूची व्यवस्था उचलली नाही, शिस्त उचलली. मोकळं, भावनेने ओसंडणारं वाटणारं त्यांचं संगीत कागदावर फार नेटकं असतं.

खरी कलाटणी 1998 ची. विद्यार्थिदशेतच त्यांनी तंतुवाद्यवृंदासाठी 'दे प्रोफुंदिस' लिहिलं. लाटव्हियात जन्मलेले व्हायोलिनवादक गिडॉन क्रेमर यांनी आदल्याच वर्षी तीन बाल्टिक देशांतल्या तरुण वादकांना घेऊन 'क्रेमेराता बाल्टिका' हा वृंद उभा केला होता. या वृंदाने ती रचना हाती घेतली आणि ती देशाबाहेर पडली.

इथे व्यवहाराचा भाग लक्षात घेण्यासारखा आहे. पूर्ण ऑर्केस्ट्राच्या नव्या रचनेला सत्तर-ऐंशी माणसं लागतात, तालमी लागतात, तालवाद्यं वाहून न्यायला टेम्पो लागतो. नवख्या संगीतकारासाठी एवढा खर्च कुणी करत नाही आणि केला तरी रचना एकदा वाजते आणि कपाटात जाते. 'दे प्रोफुंदिस'ला वीस-पंचवीस तंतुवादक पुरतात. लांबी पंधरा मिनिटांच्या आतबाहेर, म्हणजे कार्यक्रमात मोठ्या कॉन्चेर्तोच्या (एकल वादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्या रचनेच्या) आधी नेमकी बसणारी. दौऱ्यावर निघालेला वृंद आपली वाद्यं घेऊनच फिरतो, वरचा खर्च काही नाही. लहान देशातल्या संगीतकाराची एखादी तंतुवाद्य-रचना अशी चालून गेली की बाकीच्या रचनांची दारं उघडतात. त्यांच्या बाबतीत हेच झालं.

पुढे 2008 मध्ये देशाचा राष्ट्रीय संस्कृती आणि कला पुरस्कार मिळाला, वय 33. विल्नियसच्या अकादमीत त्या शिकवतात. 2019 मध्ये ग्राझिनीते-तीला यांनी ड्यूश ग्रामोफोनसाठी, म्हणजे त्याच पिवळ्या लेबलसाठी, फक्त शेर्कश्नीते यांच्या रचनांची तबकडी केली. ग्राझिनीते-तीला तेव्हा बर्मिंगहॅमच्या सिंफनी ऑर्केस्ट्राच्या संगीत दिग्दर्शक होत्या आणि त्या लेबलवरची त्यांची पहिली तबकडी विसाव्या शतकातले संगीतकार वाइनबर्ग यांच्या सिंफन्यांची होती. लगेच दुसऱ्या तबकडीला आपल्या देशातल्या हयात संगीतकाराला पुढे करणं, हे कंपनीच्या हिशोबात सहज बसणारं नव्हे. ते श्रेय कंडक्टरबाईंना द्यायला हवं.

'दे प्रोफुंदिस' दोनदा ऐकलं. चाल सापडत नाही. सुरुवात कुठून करू? (नाशिक. असंच सोलापूर आणि ठाण्याहून)

सुरुवात 'दे प्रोफुंदिस'पासूनच करा, फक्त चाल शोधायचं सोडा. दाटपणा ऐका.

म्हणजे काय, ते जवळून पाहू. समजा सहा व्हायोलिनं आहेत. पहिल्याने 'सा' धरला. दोन सेकंदांनी दुसरं कोमल 'रे' धरून आलं, मग तिसरं शुद्ध 'रे', चौथं कोमल 'ग'. कुणीच थांबत नाही. चौथं आलं की तुमच्या कानाला चार सूर ऐकू येणं बंद होतं आणि एक पट्टा ऐकू येतो. आता सगळ्यांनी गज घोडीजवळ सरकवला की तोच पट्टा काच ओरखडल्यासारखा होतो. गज बोटांच्या पट्टीवर नेला की धुक्यासारखा. सूर एकही बदललेला नाही. पट्ट्याची जाडी, उंची आणि पोत यांवरच सगळं नाट्य चालतं.

ही युक्ती शेर्कश्नीते यांची नाही. 1960 च्या सुमारापासून युरोपातल्या बऱ्याच जणांनी ती वापरून वापरून गुळगुळीत केली. त्यांचं वेगळेपण पुढे आहे. या धुक्यात त्या ठोका परत आणतात. तळातून एक धडधड सुरू होते, वर लांब, गाण्यासारखी ओळ निघते, आणि जे नुसतं तरंगत होतं ते चालू लागतं, मग धावतं. म्हणून त्यांना 'शांत उत्तरेचं ध्यानसंगीत' या खणात टाकणारे चुकतात. 'दे प्रोफुंदिस' हे शीर्षक लॅटिन बायबलमधल्या स्तोत्राचे पहिले शब्द: 'खोल गर्तेतून'. त्यात ध्यान कमी आणि धडपड जास्त आहे.

आता करायचं काय? कागदावर तीन रकाने आखा: दाटपणा, उंची, ठोका. घड्याळ लावून दर मिनिटाला प्रत्येकाला 1 ते 5 आकडा द्या. पंधरा मिनिटांत पंधरा ओळी होतात. दुसऱ्यांदा ऐकताना कागद समोर ठेवा. आकडे कुठे अचानक उडी मारतात आणि कुठे सात-आठ मिनिटं चढत जातात, ते दिसलं की रचनेचा सांगाडा दिसला. शाळकरी वाटेल, पण 'हाताला काही लागत नाही' यावर हा उतारा चालतो.

अनेकांचं ऐकणं संगीतामुळे नाही, यंत्रामुळे फसतं. फोनच्या स्पीकरवर हे ऐकू नका. डबल बासची खालची तार 41 हर्ट्झला असते आणि फोनचा स्पीकर त्या भागात जवळजवळ मुका असतो. खालची धडधडच गेली तर वर नुसती कुरकुर उरते. साधे वायरवाले हेडफोन चालतील. ॲपमधलं 'सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा ठेवा' हे बंद करा. त्यातला 'मोठा' पर्याय शिखरं दाबतो, आणि इथे सगळा खेळ शिखरापर्यंतच्या चढणीचा आहे. एक गाणं दुसऱ्यात मिसळवणारं सेटिंगही बंद. रचनेतली सर्वांत मोठी जागा आधी शोधा, तिथे आवाज सोसेल इतका ठेवा, मग सुरुवातीला जा आणि पुन्हा बटणाला हात लावू नका. आणि पंखा बंद करा. हळू जागांवर छताच्या पंख्याची घरघर बरोबर बसते.

दुसरी रचना 'भर उन्हाळ्याचं गीत' म्हणू या, मूळ नाव 'वासार्विद्झिओ गिएस्मे', 2009, पुन्हा तंतुवाद्यवृंद. जूनच्या शेवटी विल्नियसला दिवस 17 तासांचा असतो, डिसेंबरात सात तासांच्या जरासा वर. 24 जूनच्या आदल्या रात्री लोक शेकोट्या पेटवतात, फुलांचे मुकुट घालतात, नेच्याचं कधीच न फुलणारं फूल शोधायला रानात जातात. हा उजेड किती मोलाचा, ते आपल्याला बारा महिने ऊन अंगावर घेताना कळत नाही. रचना हळूहळू उजळत जाते, मध्यावर नाचते आणि परत निवते. दाटपणा इथेही आहे, पण 'दे प्रोफुंदिस'मध्ये जो पट्टा छातीवर बसतो तोच इथे पारदर्शक होतो. दोन्ही पाठोपाठ ऐकल्यात तर एकाच हाताची दोन कामं कळतील.

रवींद्रनाथांच्या कवितांवर त्यांनी ऑरेटोरिओ लिहिला आहे असं वाचलं. त्यात राग आहेत का? मारवा, भैरव असं काही ओळखता येईल का? (डोंबिवली)

रचना आहे 'सूर्यास्त आणि पहाटेची गीतं', 2007. ऑरेटोरिओ म्हणजे अभिनयाशिवाय गायची मोठी रचना; इथे चार एकल गायक, मिश्र कॉयर (स्त्री-पुरुषांचा गायकवृंद) आणि पूर्ण सिंफनी ऑर्केस्ट्रा. शब्द टागोरांचे, लिथुएनियन भाषेत. क्रम असा: दिवस आणि संध्याकाळ, मग रात्र, मग सकाळ आणि शेवटी चिरंतन सकाळ. 2019 च्या तबकडीवर ती लिथुएनियाचा राष्ट्रीय सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि विल्नियसचा 'याउना मुझिका' हा कॉयर यांनी सादर केली आहे. तबकडीवरची सर्वांत लांब रचना हीच.

संध्याकाळ आणि सकाळ यांची गीतं म्हटल्यावर टागोरांच्या वाचकाला 'संध्या संगीत' (1882) आणि 'प्रभात संगीत' (1883) हे तरुणपणीचे दोन संग्रह आठवतील. जोडी तीच आहे, इतकंच म्हणू.

रागाबद्दल. प्रहरांप्रमाणे सुरांचा स्वभाव बदलतो ही कल्पना आपल्याला जन्मापासून सवयीची, त्यामुळे या रचनेचा आराखडा मराठी कानाला लगेच घरचा वाटतो. पण त्यात मारवा शोधायला बसलात तर निराशा होईल. रागाला एक अढळ षड्ज लागतो. तंबोरा तो धरून ठेवतो आणि बाकीचे सूर त्याच्याशी असलेल्या नात्याने अर्थ घेतात. इथे आधारस्वरच सरकतो. चार विभागांचा कॉयर, त्याखाली ऑर्केस्ट्राचे थर, आणि थर बदलला की कालचा 'सा' आजचा 'प' होऊन बसतो. आरोह-अवरोह, वादी-संवादी हे माप इथे लागू पडत नाही. एखाद्या क्षणी कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम शेजारी सापडतीलही. तो पाश्चात्त्य रचनेत सहज होणारा योगायोग समजावा.

मग ऐकायचं काय? संध्याकाळकडून रात्रीकडे जाताना ऑर्केस्ट्रा कुठून कुठे उतरतो ते. आणि 'सकाळ' किती वेळ लावून येते ते. आपल्याकडे भैरव सुरू झाला की पहिल्या 'रे'ला पहाट झाली. इथे पहाट बांधून काढावी लागते, एकेक वाद्य चढवत. पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राची ही मर्यादाही आहे आणि ऐटही.

एक गंमत मात्र खरी आहे. लिथुएनियन ही आजच्या युरोपातल्या भाषांमध्ये जुनी रूपं फार जपून ठेवणारी भाषा. दिवसाला तिच्यात 'दिएना' म्हणतात, रात्रीला 'नक्तीस'. आपला 'दिन' आणि नक्त उपासातला 'नक्त' यांची ही सख्खी भावंडं. तेव्हा या रचनेच्या 'रात्र' या शीर्षकाला भाषांतराची गरजच नाही.

बेटहोवनला उत्तर म्हणून त्यांनी काही लिहिलंय ना? (नागपूर)

'उग्नीस', म्हणजे 'अग्नी' या शब्दाचं अनेकवचन. इंग्रजी तबकड्यांवर 'फायर्स' या नावाने शोधा. 2010 ची रचना. म्युनिकच्या बव्हेरियन रेडिओ सिंफनी ऑर्केस्ट्राने मारिस यान्सन्स यांच्या नेतृत्वाखाली बेटहोवनच्या नऊ सिंफन्या वाजवताना हयात संगीतकारांकडून त्यांना उत्तरादाखल नव्या रचना लिहून घेतल्या. रोदियॉन श्चेद्रिन, गिया कांचेली, यॉर्ग विडमान ही त्यातली आणखी नावं. शेर्कश्नीते यांच्या समोर पाचवी सिंफनी होती. दोन भाग आहेत, गूढ आणि सावकाश असा पहिला, झपाट्याचा दुसरा. पाचवीच्या 'टटट-टा'ची वाट पहिल्या मिनिटापासून बघू नका, ते चार ठोके शेवटाकडे येतात. आमचं मत विचाराल तर पहिला भाग जास्त मोलाचा. ज्वाला दिसण्याआधीची धग त्यात आहे. दुसऱ्यात बेटहोवनची सावली जरा जड होते.

आमचा चर्चचा कॉयर बारा जणींचा. लिथुएनियातली बायकांची 'सुतार्तिने' ही गाणी बसवायची आहेत. नोटेशन मिळालं, पण गायलो की चुकल्यासारखं वाटतं. (मडगाव)

चुकल्यासारखं वाटतंय म्हणजे बहुधा बरोबर गाताय. या गाण्यांमध्ये दोन आवाज एकमेकांच्या अगदी शेजारच्या सुरांवर आपटतात: 'सा' आणि शुद्ध 'रे' एकाच वेळी, सतत. 220 हर्ट्झ आणि 247 हर्ट्झ एकत्र गायले तर सेकंदाला सुमारे 27 हेलकावे पडतात आणि हवा खरखरते. दोन तंबोरे केसभर बेसूर लागले की जी घुमण येते, तिची ही रागीट बहीण. ईशान्य लिथुएनियातल्या बायका हाच गोडवा मानत. युनेस्कोने 2010 मध्ये या परंपरेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. झेनोनास स्लाविउनास यांनी 1958-59 मध्ये तीन खंडांत काढलेला संग्रह हा मोठा आधार.

तिघींचा प्रकार घ्या, त्याला 'त्रेयिने' म्हणतात. बारा जणी आहात, तर चार-चारचे तीन गट. गाण्याचे दोन सारख्या लांबीचे तुकडे असतात. पहिल्यात अर्थाचे शब्द, दुसऱ्यात पालुपद, 'लीलियो', 'सोदाउतो' असे निव्वळ नादाचे शब्द. आधी सगळ्यांनी मिळून दोन्ही तुकडे एका सुरात पाठ करा, झोपेत म्हणता येतील इतके. मग पहिला गट पहिला तुकडा एकटा गातो. तो दुसऱ्या तुकड्यावर गेला की दुसरा गट पहिला तुकडा सुरू करतो. पुढच्या फेरीत पहिला गट गप्प, दुसरा गट पालुपदावर, तिसरा गट पहिल्या तुकड्यावर. त्यानंतर तिसरा पालुपदावर आणि पहिला गट पुन्हा आत. म्हणजे गट तीन असले तरी एका वेळी आवाज दोनच, आणि हे चाक थांबत नाही. कविता संपेपर्यंत फिरत राहतं.

बिघडतं ते चार ठिकाणी. पहिलं, मांडोची सवय. दोन आवाजांनी तिसऱ्या सुराच्या अंतरावर गाणं गोव्यात अंगवळणी असतं, त्यामुळे कान नकळत शेजारचा सूर सोडून 'ग'वर सरकतो आणि गाणं गुळमट होतं. उपाय: दोन गटांतल्या एकेकीला समोरासमोर उभं करून फक्त 'सा' आणि 'रे' दहा-दहा सेकंद धरायला लावा. खरखर आली की हात वर करायचा. दुसरं, कंप. शिकलेला आवाज सुराला थरथर देतो, आणि थरथरीत हेलकावे विरघळतात, म्हणून आवाज सरळ ठेवा. तिसरं, एक गट मोठा आणि दुसरा लहान. दोन्ही बाजू समान ताकदीच्या असतील तरच टक्कर होते. चौथं, चर्चमधल्या रांगा. रांगेत उभं राहून हे होत नाही, हातभर अंतरावर तोंडं आत करून गोल उभ्या राहा.

पियानोवर सूर तपासत बसू नका. जुन्या गायिकांचं हे अंतर पियानोच्या पट्ट्यांशी तंतोतंत जुळत नसे.

शेर्कश्नीते यांच्या रचनांत ही लोकगीतं उचलून ठेवलेली सापडतील अशी अपेक्षा धरू नका. तो आधीच्या पिढीतल्या ब्रोनियुस कुतावित्चियुस यांचा रस्ता, 1978 चा 'मूर्तिपूजकांचे अखेरचे विधी' हा त्यांचा ऑरेटोरिओ ऐका. पण जिथे दोन शेजारी सूर एकत्र येणं हा दोष मानला जात नाही, त्या मातीत वाढलेल्या कानाला वर सांगितलेला 'पट्टा' मुद्दाम शिकावा लागत नाही.

आमचा हौशी तंतुवाद्यवृंद आहे, बावीस जण. 'दे प्रोफुंदिस' झेपेल का? पार्ट कुठून मिळवायचे? (मुंबई)

आधी कागदपत्रं. संगीतकार हयात आहेत, आपल्या कायद्याने मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंत हक्क राहतात, तेव्हा कुठून तरी मिळालेली पीडीएफ छापून वाजवणं सोडा. विल्नियसला लिथुएनियन संगीत माहिती केंद्र आहे, तिथे पत्र टाका. एकाच पत्रात सगळं विचारा: नुसता अभ्यासाचा स्कोअर (सगळ्या वाद्यांचं एकत्र नोटेशन) हवा की वादनाचे पार्ट (एकेका वाद्याचं वेगळं नोटेशन), पार्ट विकत मिळतात की भाड्याने, भाड्याने असतील तर किती आठवडे, आणि कार्यक्रमाचं चित्रीकरण टाकणार असाल तर त्याची वेगळी परवानगी. सादरीकरणाच्या परवान्याचं इथे आयपीआरएस या संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेकडे विचारा. कार्यक्रमाच्या चार महिने आधी सुरुवात करा.

बावीस म्हणजे 6-6-4-4-2 धरू: पहिली व्हायोलिनं, दुसरी व्हायोलिनं, व्हायोला, चेलो, डबल बास. दोघांत एक स्टँड, म्हणजे 3, 3, 2, 2, 1 अशा 11 प्रती. इथेच अडचणीचं मूळ आहे. अशा लेखनात एकेक विभाग दोन-तीन ओळींत फुटतो. सहा व्हायोलिनं तीन ओळींत वाटली की एका ओळीला दोघं उरतात, आणि दोन व्हायोलिनं एकत्र सुरात ठेवणं हे सहा किंवा एकापेक्षाही अवघड. चार व्हायोलांच्या तीन ओळी झाल्या तर दोन ओळींना एकेकच माणूस. म्हणून स्कोअर हातात आला की पहिलं काम: जिथे जिथे विभाग फुटतो तिथे कोण कुठली ओळ घेणार हे पेन्सिलीने नावानिशी लिहा. हे तालमीत ठरवायला गेलात तर पहिली तालीम त्यातच जाते.

दुसरी गोची लांब सुरांची. 60 च्या लयीत चार मात्रांचे चार बार म्हणजे 16 सेकंद. हळू आवाजात एक गज हौशी हाताला आठ-दहा सेकंद पुरतो. सगळ्यांनी एकदम गज फिरवला की पट्ट्याला भोक पडतं. तेव्हा एकाच स्टँडवरच्या दोघांनी कधीही एकत्र गज बदलायचा नाही, आतल्याने दोन मात्रा आधी, बाहेरच्याने नंतर. तिसरी गोष्ट चढणीची. आठ मिनिटांचा चढ असेल तर हौशी वृंद तिसऱ्या मिनिटाला माथ्यावर पोचलेला असतो. स्कोअरवर दर तीस बारांना आकडा लिहा, 10 पैकी किती जोर, आणि त्याच्या वर जाणाऱ्याला थांबवा.

झेपेल का? सहा तालमी आणि व्हायोलामध्ये दोन पक्की माणसं असतील तर हो. नसतील तर या वर्षी स्कोअर समोर ठेवून ऐका, पुढच्या वर्षी वाजवा.

अलीकडचं काही? आणि त्यांच्यानंतर कुणाला ऐकू? (बेळगाव)

2021 चं 'हेही सरेल': व्हायोलिन, चेलो, व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं तालवाद्य) आणि तंतुवाद्यं. क्रेमर यांच्या ईसीएम या लेबलच्या 2024 च्या तबकडीवर आहे. 'दे प्रोफुंदिस'नंतर दोन दशकांहून जास्त काळ गेला, दाटपणा तोच, पण आता त्यात भोकं ठेवली आहेत आणि श्वास घेता येतो.

पुढची नावं तीन. युस्ते यानुलीते (जन्म 1982) एका वेळी एकाच जातीची वाद्यं घेतात. 'वाळूची घड्याळं'मध्ये चार चेलो आणि इलेक्ट्रॉनिक्स, बस. शेर्कश्नीते यांच्या धडधडीची सवय झाली असेल तर इथे काहीच घडत नाही असं वाटेल, पण तीन रकान्यांचा कागद इथेही चालतो, फक्त ठोक्याचा रकाना रिकामा राहतो. ओनुते नार्बुताइते (जन्म 1956) थोरल्या, त्यांची 'त्रेस देई मात्रिस सिंफोनिए' ही मरियमवरची कॉयरसह लिहिलेली मोठी रचना, सवड काढून ऐकण्याची. आणि झिबुओक्ले मार्तिनाइतीते, मुक्काम न्यूयॉर्क. त्यांच्या 2019 च्या ऑर्केस्ट्रा-रचनेचं नाव आहे 'सौदाद', शब्द पोर्तुगीज. मडगावच्या वाचकांना त्याचा अर्थ आम्ही सांगायला नको.